बाबांना शब्द सापडत नाही, मग आरती कशी म्हणतात?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधले चार प्रश्न एकमेकांना चिकटलेले निघाले. लिहिणाऱ्यांना ते माहीत असायचं कारण नाही, पण चौघंही एकच गोष्ट विचारतायत: आपण बोलतो तेव्हा मेंदूत नक्की काय चाललेलं असतं. मी स्पीच थेरपी करते त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, आणि कोपरीच्या ताईंच्या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा घेतलीय, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझ्या सासऱ्यांना आठ महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आता बऱ्यापैकी चालतो पण बोलणं गेलंय. समोर चमचा धरला तर 'चमचा' येत नाही, कधी 'वाटी' म्हणतात आणि स्वतःच मान हलवतात की नाही नाही, हे नाही. कळतं सगळं, बातम्या बघतात, नातवाने गणित चुकवलं की बोट ठेवून दाखवतात. पण गणपतीत आम्ही आरती सुरू केली आणि बाबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, एक शब्द चुकला नाही, घरातले सगळे रडायलाच लागले. आता माझ्या नणंदेचं म्हणणं की बाबांना येतं बोलता, ते प्रयत्नच करत नाहीत. खरं काय आहे? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर: ताई, आधी नणंदबाईंना एवढं सांगा की बाबा प्रयत्न करतायत, तुमच्या माझ्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त करतायत. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर अफेजिया लिहिलेलं असेल. त्यात बुद्धी जात नाही, आळस येत नाही. आरती म्हणणं आणि 'चमचा' म्हणणं ही आपल्याला बाहेरून सारखी वाटतात, दोन्ही तोंडातूनच येतं ना, पण मेंदूसाठी ती दोन वेगळी कामं आहेत.

चमच्याचंच घ्या. चमचा दिसला की डोक्याच्या मागच्या भागातून माहिती पुढे जाते, कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग येतो तिथे त्याचा अर्थ जागा होतो, आणि अर्थ कधी एकटा जागा होत नाही, त्याच्याबरोबर वाटी, पळी, डाव, ताट अशी अख्खी मांडणी जागी होते. त्यातून एक निवडायचा, बाकीच्यांना गप्प करायचं, मग निवडलेल्याचे आवाज क्रमाने लावायचे, च नंतर म नंतर चा, मग ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांना हुकूम द्यायचा. यात शंभरच्या आसपास स्नायू लागतात. चित्र दिसल्यापासून नाव तोंडातून बाहेर पडायला सुरुवात होईपर्यंत निरोगी माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या निम्म्याहून थोडं जास्त. तुमच्या बाबांचा 'वाटी' शब्द मला तर फार आशेचा वाटतो, कारण ते बरोबर गल्लीत पोचलेत, दार फक्त शेजारचं वाजवलंय, आणि चुकीचं दार वाजलं हेही त्यांना लगेच कळतंय.

शाळेत आपण शिकलो की बोलण्याचं केंद्र मेंदूत डाव्या बाजूला असतं. ते आलं कुठून तर पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलातल्या लबोर्न्य नावाच्या पेशंटवरून. हा माणूस कित्येक वर्षं फक्त 'तां' एवढंच म्हणायचा, काहीही विचारा, तां तां. समजायचं मात्र त्याला बरंच. १८६१ मध्ये तो गेला, पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला, तोच पुढे ब्रोका एरिया झाला. १८७४ मध्ये कार्ल वर्निकेने कानाजवळचा मागचा भाग दाखवला, तिथे इजा झालेली माणसं भराभर बोलतात पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचंही नीट कळत नाही. मग सगळ्यांच्या डोक्यात चित्र बसलं की मागे समजायचं ऑफिस, पुढे बोलायचं ऑफिस, मधे एक तार. पण तो लबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला होता आणि २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढून प्रसिद्ध केला तेव्हा दिसलं की इजा ब्रोकाने वरून पाहिली त्यापेक्षा खूप खोल गेली होती, पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्याही तुटलेल्या होत्या. म्हणजे नुसतं ऑफिस बंद पडलं नव्हतं, रस्ताही खचला होता.

२०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली, मला स्वतःला ती वाचून फार वेळ झोप लागली नव्हती. एपिलेप्सीच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूवर आधीच इलेक्ट्रोड ठेवलेले होते अशा पेशंटना शब्द बोलायला लावले. ब्रोका एरिया शब्द बाहेर पडण्याच्या आधी जोरात कामाला लागायचा आणि प्रत्यक्ष तोंड हलायला लागलं की शांत व्हायचा. इतकी वर्षं ज्याला आपण बोलणारा भाग म्हणत होतो तो बोलताना गप्प असतो! त्याचं काम आधीचं, पुढच्या शब्दाची जुळवाजुळव करून ती हालचालीच्या भागाकडे सोपवायची.

आता आरती. आरतीत बाबांना काही निवडायचं नसतं. लहानपणापासून हजार वेळा म्हटलेली, प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाला हात धरून ओढतो, चाल आणि टाळ्यांचा ठेका वरून धक्का देतो. पाठ झालेलं बोलणं, मोजणी, वार, पाढे, 'काय कसं काय', रागात तोंडातून निघणारी शिवी, हे सगळं डाव्या बाजूला मोठी इजा होऊनही पुष्कळदा शाबूत राहतं. त्या लबोर्न्यच्या तोंडूनही संतापला की एक शिवी निघायची, असं खुद्द ब्रोकाने लिहून ठेवलंय. उजव्या अर्ध्या मेंदूचा यात वाटा आहे असं पूर्वीपासून मानतात, चाल तिकडे जास्त धरली जाते म्हणून, पण नुसती चाल नाही, ठेका आणि पाठांतर यांचाही भाग मोठा आहे. यावरूनच १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये एक थेरपी निघाली, रोजच्या वापराची वाक्यं सुरात लांबवून म्हणायची आणि डाव्या हाताने ठेका धरायचा, हळूहळू सूर कमी करत आणायचा. ती सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांना समजतं चांगलं पण बोलायला अडतं त्यांना जास्त उपयोग होतो, म्हणजे तुमच्या बाबांसारख्यांना, त्यामुळे थेरपिस्टला नक्की विचारा.

नौपाड्यात माझ्याकडे एक काकू यायच्या. आज वार कोणता विचारलं की नुसता वार यायचाच नाही, चेहरा लाल व्हायचा. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली, मी शिकवली नव्हती. अंगठ्याने बोटांची पेरं मोजत रविवार सोमवार मंगळवार बुधवार असं म्हणत यायच्या आणि गुरुवारला आल्या की अंगठा तिथेच दाबून धरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. वार त्यांना माहीतच होता, एकटा उचलता येत नव्हता, माळेतून ओढत आणता येत होता.

घरी तुम्ही हेच करू शकता. 'हे काय आहे सांगा' असं चमचा नाचवत विचारू नका, ती परीक्षा होते आणि परीक्षेत तर चांगल्या माणसाचेही शब्द पळतात. त्यापेक्षा जेवायला बसल्यावर सहज म्हणा 'आमटी प्यायला वाटी दिली, भात खायला दिला...' आणि थांबा. खरंच थांबा, मनात दहापर्यंत मोजा. वाक्याचा सुरुवातीचा भाग तुम्ही दिलात की त्यांच्या मेंदूत 'चमचा' आधीच अर्धा वर आलेला असतो, शेजारची वाटी तुम्ही वापरून टाकलेली असते. नाही आला तर पहिलं अक्षर द्या, 'च...'. बाबा स्वतः काही सांगत असतील तेव्हा मात्र घाईने त्यांचं वाक्य पुरं करू नका. तुम्ही ठरवलेला शब्द आणि त्यांच्या मनातला शब्द वेगळा निघाला की त्यांना आधी तुमचा शब्द बाजूला सारावा लागतो आणि मग स्वतःचा पुन्हा शोधावा लागतो. एका वेळी एकानेच बोला, टीव्ही बंद ठेवा, हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न जास्त विचारा, हाताने दाखवलं, चित्र काढलं, कागदावर एक अक्षर लिहिलं तरी ते उत्तरच समजा. आणि बोला मराठीतच, त्यांची आयुष्यभराची भाषा जी आहे ती. आठ महिने झाले म्हणजे आता संपलं असं अजिबात नाही, सुरुवातीचे महिने वेगाचे असतात हे खरं, पण सुधारणा नंतरही होत राहते. ठाण्यात थेरपिस्टची फी परवडत नसेल तर वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, वाचा आणि श्रवण यासाठीचीच, तिथे एकदा दाखवून या.

एक अजून, हे सगळ्यांसाठी. घरात कुणाचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, हात खाली पडायला लागला, बोलणं अडखळलं किंवा भलतंच येऊ लागलं तर तो स्ट्रोक असू शकतो, 'झोपून उठले की बरं वाटेल' करू नका, १०८ लावा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्यातला किती वेळ जातो ते ठाणेकरांना मी सांगायला नको.

प्रश्न: मी रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशीला जाते. डब्यात इतका आवाज असतो तरी मैत्रीण काय बोलते ते सगळं कळतं, कित्येकदा तिचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. नवरा म्हणतो तू ऐकतच नाहीस, आधीच ठरवतेस. हे चांगलं की वाईट? (कळवा)

उत्तर: तुम्ही ऐकता पण आणि आधी ठरवता पण, दोन्ही एकदम, आणि सगळे जण हेच करतात, तुमचे मिस्टरही.

हिशोब बघा. वर सांगितलं की एक शब्द तयार व्हायला ६०० मिलिसेकंद लागतात. पण गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मधे किती वेळ जातो ते २००९ मध्ये दहा भाषांमध्ये मोजलं, त्यात मराठी नव्हती पण जपानी, डॅनिश, कोरियन, लाओ अशा एकमेकींपासून लांबच्या भाषा होत्या. भाषेभाषेत थोडा फरक पडला पण आकडा २०० मिलिसेकंदांच्या आसपासच राहिला. समोरचा थांबल्यावर शब्द शोधायला घेतला असता तर तीनपट वेळ लागला असता. म्हणजे समोरचा बोलत असतानाच तो कुठे जाणार आणि कधी थांबणार याचा अंदाज बांधून आपण आपला शब्द तयार करून ठेवतो, जिभेच्या टोकावर, दार उघडायची वाट बघत.

हा अंदाज यंत्रावर दिसतो. समजा मी म्हटलं 'आईने गरम भातावर वरण घातलं आणि वरून तुपाची चप्पल'. वाचताना तुम्हाला जो धक्का बसला ना, तो डोक्यावर इलेक्ट्रोड लावले असते तर सुमारे ४०० मिलिसेकंदांवर एका लाटेच्या रूपात दिसला असता. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ही लाट दाखवली, तिला एन ४०० म्हणतात. शब्द जितका अनपेक्षित तितकी लाट मोठी. 'तुपाची' ऐकलं तिथेच 'धार' वर येऊन बसलेली होती.

आपल्या मराठीत तर मला वाटतं अंदाजाला भरपूर खाद्य आहे. 'माझी' म्हटलं की पुढे येणारी वस्तू स्त्रीलिंगी, अर्धी घरातली भांडीकुंडी तिथेच बाद. क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'मी काल आईला मामाकडे ठाण्याला' इथपर्यंत सगळी माणसं डोक्यात धरून बसायची आणि 'सोडलं' की 'पाठवलं' की 'नेलं' याचा अंदाज करत राहायचं. पण अंदाज म्हणजे भविष्य नाही हेही सांगते. इंग्रजीत नामाआधी येणाऱ्या 'अ' आणि 'अ‍ॅन' वरूनच मेंदू पुढचा शब्द आवाजासकट ओळखून बसतो असा एक निष्कर्ष २००५ मध्ये खूप गाजला होता, तो ब्रिटनमधल्या नऊ लॅबनी मिळून ३०० हून जास्त माणसांवर परत तपासला, २०१८ मध्ये छापून आलं, तेव्हा 'अ' 'अ‍ॅन' वरचा परिणाम नीट सापडला नाही, खुद्द नामावरची लाट मात्र मिळाली. म्हणजे मेंदू अर्थाची तयारी करून ठेवतो हे पक्कं, अक्षरापर्यंत दरवेळी पोचतोच असं नाही.

आणि गाडीतल्या आवाजाचं. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एका रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक आवाज कापून त्या जागी खोकला टाकला. लोकांना शब्द पूर्ण ऐकू आला, आवाज गायब आहे हे कळलंच नाही. ऐरोली-रबाळे गाडी खडखडते तेव्हा तुमच्या मैत्रिणीच्या वाक्यातले तुकडे खरोखरच तुमच्या कानापर्यंत पोचत नाहीत, ते तुम्ही घालता. बहुतेक वेळा बरोबर घालता. नवऱ्याशी बोलताना कदाचित जुन्या भांडणातले तुकडे घालत असाल, तेवढं बघा.

यात फक्त मोठा मेंदू नाही बरं का. डोक्याच्या मागे खाली लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा म्हणून आपल्याला माहीत. २०१२ च्या एका प्रयोगात त्याच्या उजव्या बाजूचं काम चुंबकी झटक्यांनी थोडा वेळ मंदावलं तर वाक्य ऐकताना पुढे येणाऱ्या वस्तूच्या चित्राकडे माणसाची नजर उशिरा वळायला लागली. उजवाच का, तर लहान मेंदूची उजवी बाजू मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूशी जोडलेली असते, उलटसुलट. जो भाग चेंडू कुठे पडणार त्याचा अंदाज बांधून हात पुढे करतो तोच शब्द कुठे पडणार तेही बघतो.

प्रश्न: मी ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. कॉलवर कधीकधी माझाच आवाज हेडफोनमधून किंचित उशिरा परत येतो आणि मग मला बोलताच येत नाही, जीभ अडकते, तोतरा झाल्यासारखं होतं. माझ्यात काही दोष आहे का? (ऐरोली)

उत्तर: काही दोष नाही, उलट सगळं बरोबर चालू आहे म्हणून असं होतंय.

तोंडाला हुकूम जातो तेव्हा त्याच हुकमाची एक नक्कल ऐकण्याच्या भागाकडे जाते, की बाबा आता असा असा आवाज येणार आहे, तयार राहा. त्यामुळे स्वतःचा आवाज आला की ऐकण्याचा भाग फारसा दचकत नाही, तेच वाक्य रेकॉर्ड करून ऐकवलं तर जास्त दचकतो. अपेक्षा आणि आलेला आवाज जुळले तर काम पुढे, नाही जुळले तर दुरुस्ती. हेडफोनमधून तुमचा आवाज किंचित वर चढवून ऐकवला तर तुम्ही नकळत आवाज खाली आणता, सेकंदाच्या छोट्या भागात, तुम्हाला पत्ता लागायच्या आत.

कॉलवर परत येणारा आवाज तुमचाच असतो पण वेळेवर नसतो. तुमचा मेंदू 'पा' ऐकायच्या तयारीत आणि कानात येतोय मागचा 'शि'. दुरुस्ती सुरू होते, दुरुस्त करायला काही नसतं, सगळी घडी विस्कटते. १९५० च्या सुमाराला हा परिणाम पहिल्यांदा नीट नोंदवला गेला आणि उशीर २०० मिलिसेकंदांच्या आसपास असला की सगळ्यात वाईट, एक अक्षर बोलायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ही वाटते की जे खरोखर तोतरं बोलतात त्यांच्यापैकी काही जणांचं बोलणं अशा उशिरा येणाऱ्या आवाजाने सुधारतं. कोरसमध्ये म्हणताना, सगळ्यांबरोबर एकसुरात वाचताना तर पुष्कळांचं तोतरेपण जवळजवळ नाहीसं होतं. बाहेरून ताल मिळाला की आतली घडी बसते. तुमच्यासाठी उपाय साधा आहे, एका कानातला हेडफोन काढा किंवा समोरच्याला स्पीकर बंद करायला सांगा.

आणि बोलणं किती पुढून तयार असतं ते बघायचं तर घाईत होणाऱ्या चुका ऐका. परवा माझ्याच घरी कुणीतरी म्हणालं 'सहात चाखर घातली का'. चहातला च बाहेर पडायच्या आधी साखरेचा स तयार होऊन रांगेत उभा होता, म्हणून तर तो पुढे घुसला.

प्रश्न: वय ६८. ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत, चेहरा, गाव, व्यवसाय सगळं आठवतं, नाव 'र' वरून आहे हेही आठवतं, नाव नाही. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात का? (नेरूळ)

उत्तर: काका, एवढ्यावरून नाही. माणूस कोण ते तुम्हाला माहीत आहे, म्हणजे अर्थ शाबूत आहे, अर्थापासून आवाजाकडे जाणारी वाट वयाबरोबर थोडी अंधुक होते आणि विशेषनावांची वाट मुळातच एकेरी असते. चमच्याला शेजारीपाजारी असतात, एखाद्या आडनावाला कुणी नसतं. अडलं की जोर लावू नका, विषय बदला, वर्णाक्षरं मनात फिरवून बघा, नाव पुष्कळदा अर्ध्या तासाने भाजी निवडताना येतं. माणूसच कोण ते आठवेनासं झालं, रोजच्या वस्तूंची नावं जायला लागली, नेरूळ स्टेशनवरून घरी यायचा रस्ता चुकायला लागला, तर मात्र वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि जाताना घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जा, कारण आपल्या बोलण्यातले बदल आपल्यापेक्षा त्यांना आधी कळलेले असतात.